सिस्टिम ॲनालिस्टला परदेशात नोकरी कशी मिळते? पदनामापेक्षा कामाचा कागद का महत्त्वाचा, समजून घ्या

लिंक्डइनवर पुण्या-मुंबईतल्या आयटीवाल्यांची प्रोफाइल चाळली, तर दर दोन-तीन नावांमागे एक 'ॲनालिस्ट' सापडतो. कुणी सिस्टिम ॲनालिस्ट, कुणी प्रोग्रामर ॲनालिस्ट, कुणी टेक्नॉलॉजी ॲनालिस्ट, तर कुणी नुसताच ॲनालिस्ट. त्यातल्या बऱ्याच जणांचा दिवस मात्र कोड लिहिण्यात, टेस्टिंगमध्ये किंवा सपोर्टची तिकिटं बंद करण्यात जातो.

भारतात यामुळे काही अडत नाही. इथल्या मोठ्या कंपन्यांमध्ये पदनाम म्हणजे बहुतेकदा बँड आणि पगाराची पायरी. दोन वर्षं झाली की पुढचं पद, काम तेच. अडचण सुरू होते ती परदेशातल्या व्हिसाचा अर्ज भरताना. तिथला अधिकारी पदनाम वाचून पुढे जात नाही. या माणसाने रोज नेमकं काय केलं, हे तो तपासतो. उत्तर जुळलं नाही, तर अर्ज नाकारला जातो. उत्तर खोटं निघालं, तर पुढची काही वर्षं त्या देशाचं दारच बंद होतं.

म्हणूनच सिस्टिम ॲनालिस्ट म्हणून बाहेर जायचं असेल, तर तयारी आयईएलटीएसच्या क्लासपासून नाही, रोजच्या कामापासून सुरू करावी लागते.

मुळात हे काम काय आहे?

या कामाचा उगम सांगताना एका ब्रिटिश चहावाल्याचं नाव घ्यावं लागतं. जे. लायन्स अँड कंपनी ही इंग्लंडमधली चहाची दुकानं आणि बेकऱ्या चालवणारी कंपनी. १९५१ मध्ये तिने 'लिओ' नावाचा स्वतःचा संगणक कामाला लावला. व्यवसायाच्या रोजच्या हिशेबासाठी वापरला गेलेला हा जगातला पहिला संगणक मानला जातो. बेकरीत काय बनतं, किती खर्च येतो, माल कुठे जातो हे आधी कागदावर उलगडून मगच ते यंत्राला सांगावं लागणार होतं. हे उलगडण्याचं काम ज्यांच्या हाताखाली झालं, त्या डेव्हिड कॅमिनर यांना अनेक जण जगातले पहिले सिस्टिम ॲनालिस्ट म्हणतात.

सत्तर वर्षांनंतरही कामाचा गाभा तोच आहे. चालू यंत्रणा कशी काम करते ते समजून घ्यायचं, ती कुठे अडते ते शोधायचं, नवी यंत्रणा कशी असावी ते मांडायचं आणि ते डेव्हलपरला कळेल अशा भाषेत लिहून द्यायचं. त्यात रिक्वायरमेंट गोळा करणं आलं, प्रोसेस मॅप आणि डेटा फ्लो आला, दोन सिस्टिममधला इंटरफेस कसा असेल ते ठरवणं आलं, शेवटी वापरणाऱ्यांकडून यूएटी करून घेणंही आलं.

शेजारची दोन कामं यासारखीच दिसतात. बिझनेस ॲनालिस्ट धंद्याच्या बाजूला जास्त झुकलेला असतो. प्रोग्रामर बांधकाम करतो. सिस्टिम ॲनालिस्ट या दोघांच्या मधे उभा असतो. भारतीय प्रोजेक्टवर तिन्ही कामं एकाच माणसाच्या गळ्यात पडणं नेहमीचंच. परदेशातल्या सरकारी याद्यांमध्ये मात्र ही कामं वेगवेगळ्या कोडखाली येतात.

ऑस्ट्रेलिया: एक माणूस, चार कोड

हे कोड प्रकरण सगळ्यात स्पष्ट दिसतं ते ऑस्ट्रेलियात. तिथल्या व्यवसायांच्या 'ॲन्झ्स्को' यादीत सिस्टिम ॲनालिस्टचा कोड आहे २६१११२. त्याच्या आधीचा २६११११ म्हणजे आयसीटी बिझनेस ॲनालिस्ट. २६१३११ म्हणजे ॲनालिस्ट प्रोग्रामर आणि २६१३१३ म्हणजे सॉफ्टवेअर इंजिनिअर. अर्जदाराने यातला एक निवडायचा. त्यानंतर ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी, म्हणजे एसीएस, त्याचं शिक्षण आणि अनुभव त्या कोडशी जुळतो का ते तपासते. हा टप्पा पार केल्याशिवाय कायमस्वरूपी स्थलांतराच्या पॉइंट्सच्या व्हिसाकडे जाता येत नाही.

समजा, एका मुलीने कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं आणि तिला ६ वर्षांचा अनुभव आहे. पदवी निवडलेल्या कोडशी नीट जुळत असेल, तर एसीएस साधारणपणे पहिली २ वर्षं 'कौशल्य मिळवण्याची' म्हणून वजा करते. उरली ४. पदवी आयटीचीच आहे, पण त्या कोडशी नीट जुळत नाही, असं ठरलं तर ४ वर्षं वजा होतात. उरली २.

आता पॉइंट्सचा तक्ता पाहू. परदेशातल्या अनुभवाचे पॉइंट्स सुरू होतात ३ वर्षांपासून. म्हणजे पहिल्या बाबतीत ५ पॉइंट्स आणि दुसऱ्या बाबतीत शून्य. पात्रतेसाठी किमान ६५ पॉइंट्स लागतात. प्रत्यक्षात आयटीतल्या उमेदवारांना त्याहून बरेच जास्त असल्याशिवाय बोलावणं येणं कठीण असतं, त्यामुळे ५ पॉइंट्स ही छोटी गोष्ट नाही.

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी यात आणखी एक गोम आहे. मेकॅनिकल, सिव्हिल किंवा इलेक्ट्रिकल करून कॅम्पसमधून थेट आयटीत गेलेले इथे ढिगाने आहेत. त्यांची पदवी आयटीची धरली जात नाही. त्यांना 'रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग' या मार्गाने जावं लागतं. त्यात साधारण ६ वर्षांचा अनुभव पात्रतेतच खर्ची पडतो आणि स्वतः केलेल्या दोन प्रोजेक्टचे सविस्तर अहवाल लिहून द्यावे लागतात. हे अहवाल लिहून देणारे एजंट पैशाला पासरी आहेत. पण एसीएस अहवालांची चोरी तपासते. दुसऱ्याच्या अहवालातले परिच्छेद सापडले, तर अर्ज तिथेच संपतो.

वयाचंही गणित आहे. २५ ते ३२ या वयात सर्वाधिक ३० पॉइंट्स मिळतात. नंतर ते उतरत जातात आणि ४५ नंतर हा मार्गच बंद होतो. त्यामुळे 'आधी टीम लीड होऊ, मग बघू' असं म्हणणाऱ्याचा अनुभव वाढतो, पण वयाचे पॉइंट्स निसटतात.

कॅनडा: पद गेलं, वर्णन उरलं

कॅनडाने २०२२ च्या नोव्हेंबरपासून इमिग्रेशनसाठी व्यवसायांची नवी यादी लागू केली. जुन्या यादीत 'इन्फर्मेशन सिस्टिम्स ॲनालिस्ट' असा एकच कोड होता. नव्या यादीत त्याची विभागणी झाली. २१२२१ हा बिझनेस सिस्टिम्सचा, २१२२२ हा इन्फर्मेशन सिस्टिम्सचा आणि सायबर सुरक्षेचा वेगळा. एखाद्याच्या पत्रावर 'सिस्टिम ॲनालिस्ट' लिहिलेलं असलं तरी त्या नावाचा थेट कोड आता नाही. अधिकारी कामाचं वर्णन घेऊन बसतो आणि त्यातलं किती त्या कोडच्या मुख्य कामांशी जुळतं ते बघतो.

एक्स्प्रेस एंट्रीची हवाही बदलली आहे. २०२५ च्या सुरुवातीला विशेष सोडतीच्या यादीतून आयटीतली बरीच पदं काढली गेली. त्याच वर्षी मार्चपासून नोकरीच्या ऑफरचे वेगळे गुण बंद झाले. चार वर्षांपूर्वी कॅनडाला गेलेल्या मित्राचा सल्ला आज जसाच्या तसा चालेलच असं नाही.

अमेरिका: हँडबुकमधलं एक वाक्य

एच-१बी हा शब्द मराठी घरांमध्ये आता पासपोर्टइतकाच ओळखीचा झाला आहे. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,००० अशी त्याची मर्यादा. अर्ज त्याहून जास्त आले की सोडत.

सिस्टिम ॲनालिस्टचा त्रास मात्र सोडतीत नाव लागल्यानंतरचा आहे. एच-१बी फक्त 'स्पेशालिटी ऑक्युपेशन'साठी मिळतो, म्हणजे ज्या कामाला विशिष्ट विषयातली पदवी लागतेच, अशा कामासाठी. अमेरिकेच्या कामगार खात्याचं व्यवसायांची माहिती देणारं एक हँडबुक आहे. त्यात सिस्टिम ॲनालिस्टबद्दल असं म्हटलं गेलं की संगणकाची पदवी बहुतेकांकडे असते, पण ती दर वेळी लागतेच असं नाही. काही कंपन्या इतर शाखांचे पदवीधरही घेतात. करिअर मार्गदर्शनासाठी लिहिलेलं हे साधं वाक्य व्हिसा अधिकाऱ्यांच्या हाती पडलं आणि 'मग हे काम विशेष कसं?' असं विचारणाऱ्या नोटिसा निघू लागल्या. प्रोग्रामरच्या बाबतीत असाच वाद अपील न्यायालयात गेला. डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. तरीही कंपनीने कामाचं वर्णन मोघम लिहिलं की शंका आजही येतेच.

तीन वर्षांची पदवी हा दुसरा अडसर. बीसीए, बीसीएस किंवा बीएस्सी झालेल्यांची पदवी अमेरिकेच्या चार वर्षांच्या पदवीला कमी पडते. तिथे एक सोय आहे. शिक्षणाच्या एका कमी पडलेल्या वर्षाऐवजी ३ वर्षांचा संबंधित अनुभव धरला जातो. इथेही पुन्हा तेच, अनुभव 'संबंधित' आहे हे कागदावर दिसायला हवं.

सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकेबाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलर भरण्याची अट घातली. त्या वेळच्या दराने हे साधारण ८८ लाख रुपये होतात. त्यानंतर सोडतीची पद्धतही बदलली. २०२६ पासून पगाराची पातळी जितकी वरची, तितक्या जास्त वेळा नाव सोडतीत जाणार. चौथ्या पातळीवरचं नाव चार वेळा, पहिल्या पातळीवरचं एकदाच. नव्या उमेदवाराला आणि कमी पगारावर माणसं पाठवणाऱ्या कंपन्यांना याचा सरळ फटका आहे.

त्यामुळे कंपनीअंतर्गत बदलीचा एल-१ व्हिसा पुन्हा चर्चेत आला आहे. त्याला सोडत नाही. मागच्या ३ वर्षांत किमान १ वर्ष त्याच कंपनीच्या परदेशातल्या शाखेत काम केलेलं हवं आणि कंपनीच्या उत्पादनाचं किंवा पद्धतीचं खास ज्ञान हवं. पुण्यात आणि नवी मुंबईत परदेशी बँका, विमा कंपन्या आणि वाहन उद्योगांची स्वतःची टेक सेंटर आहेत. मुख्यालयाची यंत्रणा आतून ओळखणाऱ्या ॲनालिस्टसाठी तिथून बदलीचा रस्ता सर्व्हिस कंपनीच्या ऑनसाइटपेक्षा जास्त सरळ असू शकतो.

जर्मनी: इथे अडतं ते भाषेपाशी

कागदावर जर्मनी सगळ्यात उदार दिसतो. नोव्हेंबर २०२३ पासून आयटीतल्या माणसाला पदवी नसली तरी ईयू ब्लू कार्ड मिळू शकतं. मागच्या ७ वर्षांत किमान ३ वर्षांचा त्या दर्जाचा अनुभव, हातात ऑफर आणि ठरलेला पगार एवढं पुरतं. आयटीसाठी हा किमान पगार २०२५ मध्ये वर्षाला ४३,७५९.८० युरो होता. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून वर आलेल्या माणसासाठी असे दरवाजे जगात फार थोडे आहेत. ऑफर नसताना नोकरी शोधायला जाण्यासाठी जून २०२४ पासून 'चान्सेनकार्टे' आहे. ब्लू कार्डवर २७ महिन्यांत कायमचं वास्तव्य मागता येतं. जर्मन बी-१ पातळीची असेल, तर २१ महिन्यांतच.

मग अडतं कुठे? बर्लिनच्या स्टार्टअपमध्ये बॅकएंड डेव्हलपर इंग्रजीवर निभावून नेतो. सिस्टिम ॲनालिस्टचं तसं नाही. त्याला म्युनिकच्या विमा कंपनीत वीस वर्षं दावे तपासणाऱ्या बाईंशी बोलून त्या नेमक्या कुठे अडतात ते काढून घ्यायचं असतं. ते बोलणं जर्मनमध्येच होतं. ॲनालिस्टचं अर्धं काम ऐकण्याचं आहे आणि लोक आपल्या कामाच्या तक्रारी आपल्याच भाषेत करतात. म्हणून त्याला बी-१ नंतर थांबून चालत नाही, बी-२ कडे जावं लागतं.

पुण्याची इथे थोडी चांदी आहे. मॅक्सम्युलर भवन आहे, विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधला परकीय भाषांचा विभाग आहे. जपानी शिकण्याची परंपराही शहरात जुनी आहे. जपानी कंपन्यांना भारतातल्या टीमशी जोडणारा 'ब्रिज एसई' लागतो आणि ते काम म्हणजे जवळपास सिस्टिम ॲनालिस्टचंच काम, फक्त दोन भाषांमध्ये.

ब्रिटन आणि सिंगापूर

इंग्रजीवर काम चालणाऱ्या देशांमध्ये ब्रिटनने पगाराची भिंत उंच केली आहे. स्किल्ड वर्कर व्हिसाची सर्वसाधारण किमान मर्यादा जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड झाली. एखाद्या पदाचा ठरलेला दर त्याहून जास्त असेल, तर तो दर द्यावा लागतो. सिंगापूरला एम्प्लॉयमेंट पाससाठी २०२५ पासून महिना किमान ५,६०० सिंगापूर डॉलर पगार हवा. ही रक्कम वयाप्रमाणे वाढते. शिवाय 'कंपास' पद्धतीत ४० गुण लागतात. दोन्हीकडे ज्युनिअरला जागा कमी आहे. पाच-सात वर्षं काढलेल्या माणसाने तिथे बघावं.

इथे बसून काय करता येतं?

पहिली गोष्ट म्हणजे काम बदलून घेणं. नोकरी नव्हे, काम. कोडिंग करणाऱ्याने क्लायंटच्या कॉलवर रिक्वायरमेंट लिहून घ्यायची जबाबदारी मागावी. एखादं फंक्शनल डॉक्युमेंट स्वतःच्या नावावर घ्यावं. यूएटीची आखणी करावी. सपोर्टमध्ये असलेल्याकडे तर खजिना असतो. कुठलं तिकीट वारंवार येतं, का येतं आणि यंत्रणेत काय बदललं तर ते थांबेल हे लिहून काढणं म्हणजेच ॲनालिसिस.

दुसरी गोष्ट, एक क्षेत्र धरणं. 'जावा येतं' असं सांगणारे लाखभर असतात. आंतरराष्ट्रीय पेमेंट्सचे संदेश जुन्या स्विफ्ट साच्यातून आयएसओ २००२२ मध्ये कसे जातात, हे सांगणारा क्वचित भेटतो. सॅपच्या जुन्या ईसीसी आवृत्तीचा मुख्य सपोर्ट २०२७ अखेर संपतो आहे, त्यामुळे एस/४ हाना कडे जाण्याची जगभर लगबग आहे. त्यात जुनी प्रक्रिया वाचता येणारी माणसं लागतात. जीएसटी रिटर्नचं ज्ञान सीमेपलीकडे जात नाही, पण कर्ज, दावा, इन्व्हॉइस, गोदामातला साठा हे सगळीकडे सारखेच असतात.

सर्टिफिकेटचं वजन त्यानंतर. आयआयबीएची सीबीएपी ही परीक्षा जगभर ओळखली जाते, पण त्यासाठी मागच्या १० वर्षांत ७,५०० तासांचं ॲनालिसिसचं काम दाखवावं लागतं. मधली सीसीबीए ३,७५० तासांची. म्हणजे तीही शेवटी कामाचाच हिशेब मागते.

सीव्हीमध्ये हाच फरक दिसायला हवा. 'विमा प्रोजेक्टवर काम केलं, क्लायंटशी संवाद साधला' ही ओळ वाचून कुणालाच काही कळत नाही. त्याऐवजी असं लिहिता येतं: 'मोटार विम्याचा दावा नोंदवल्यापासून पैसे मिळेपर्यंतची प्रक्रिया मांडली. सर्व्हेअरचा अहवाल दोन सिस्टिममध्ये दोनदा भरला जातो हे दाखवलं. दोन्ही जोडणाऱ्या इंटरफेसचं स्पेसिफिकेशन लिहिलं आणि यूएटी पार पाडली.' लिहिलेलं खरं असेल, तर मुलाखतीत पुढचा अर्धा तास याच वाक्यांवर जातो.

ते एक पत्र

सगळ्यात जास्त अर्ज अडखळतात ते एका पत्रावर. भारतीय कंपन्यांचं रिलीव्हिंग लेटर साधारण तीन ओळींचं असतं: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, पद हे, पुढील वाटचालीस शुभेच्छा. एसीएसला किंवा कॅनडाला ते पुरत नाही. त्यांना लेटरहेडवर, सहीनिशी, कामाच्या जबाबदाऱ्या, तारखा आणि आठवड्याचे तास लिहिलेले हवे असतात. कॅनडाला पगारही हवा असतो. अनेक एचआर विभाग 'आमच्या पॉलिसीत बसत नाही' म्हणून हात वर करतात.

अशा वेळी सोबत काम केलेल्या वरिष्ठाचं प्रतिज्ञापत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, पीएफची नोंद असं मिळून चालू शकतं. पण तो मॅनेजर शोधावा लागतो आणि चार वर्षांनी तो स्वतःच ऑस्टिनला नाहीतर सिडनीला असतो. म्हणून हे पत्र नोकरी सोडण्याच्या नोटीस काळातच मागणं शहाणपणाचं. जबाबदाऱ्या त्या कोडच्या यादीतून जशाच्या तशा उतरवून काढू नयेत. तपासणाऱ्याने ती यादी शेकडो वेळा वाचलेली असते.

इथे खोटेपणाची किंमत मोठी आहे. चुकीची माहिती दिल्याचं सिद्ध झालं, तर ऑस्ट्रेलिया ३ वर्षं व्हिसा नाकारू शकतो आणि कॅनडात ५ वर्षांची बंदी लागते. दुकानातून विकत घेतलेलं अनुभवाचं पत्र हा म्हणून फार महाग सौदा ठरतो.

पदवीची प्रमाणपत्रं, ट्रान्सक्रिप्ट आणि अपोस्टीलसाठी वेगळा वेळ काढावा. भारत २००५ पासून अपोस्टील करारात आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्याआधी राज्य पातळीवरची पडताळणी लागू शकते. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट मिळायला किती चकरा होतात हे ज्याने त्या मारल्या त्यालाच माहीत. ऑफर हातात आल्यावर ही धावपळ सुरू केली, तर जॉइनिंगची तारीख गाठणं मुश्किल होतं.

ऑफर खरी आहे का?

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये परराष्ट्र मंत्रालयाने एक इशारा दिला होता. थायलंडमध्ये 'डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग'ची नोकरी म्हणून आयटी येणाऱ्या तरुणांना बोलावलं जात होतं आणि तिथून बेकायदा सीमा ओलांडून म्यानमारमध्ये नेलं जात होतं. तिथे त्यांना डांबून ऑनलाइन फसवणुकीची कामं करायला लावली जात. हे तरुण अडाणी नव्हते. त्यांना फसवायला सोशल मीडियावरची जाहिरात, सोपी मुलाखत, गलेलठ्ठ पगार आणि विमानाचं तिकीट एवढं पुरलं.

ओळखायच्या खुणा साध्या आहेत. सिस्टिम ॲनालिस्टच्या पदासाठी कुणी एकही प्रोजेक्ट न विचारता ऑफर देत नाही. कामाच्या व्हिसाऐवजी टुरिस्ट किंवा व्हिसा ऑन अरायव्हलवर बोलावणारी कंपनी टाळायची. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटची नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. व्हिसाचा सल्ला देणाऱ्यांसाठी ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात वेगळी नोंदणी असते आणि ती नावंही ऑनलाइन शोधता येतात.